लोणच्याची वाट, विमानाची वाट

मस्जिद बंदर स्थानकातून बाहेर पडलं की आधी भेटतो तो खजुराचा आणि मसाल्यांचा वास. हातगाड्यांची दाटी, डोक्यावर पोती घेऊन वाट मागत जाणारे हमाल, पोत्यांच्या थप्प्यांमधून उरलेली जेमतेम माणूसभर जागा, आणि दुकानांच्या उंबऱ्याशी रचलेला इराकी, इराणी, ओमानी खजूर. ज्या 'मशिदी'वरून या भागाला नाव पडलं असं सर्वसाधारणपणे मानलं जातं, ती मशीद मुसलमानांची नाही. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलेलं शार हारहामीम हे सिनेगॉग म्हणजे ती मशीद. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, आपल्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत. दिवेकर हे आडनावही दिवेआगरचं. मुंबईहून तेल अवीवला जाणाऱ्या वाटेची सुरुवात मी विमानतळावरून न करता इथून करतो, याला कारण आहे. या एका वस्तीत त्या वाटेवरचे सगळेच आधीपासून येऊन राहिलेले आहेत: आखातातला खजूर, येरुशलेमकडे तोंड करून केलेली प्रार्थना, आणि ती प्रार्थना करणारा मराठी माणूस.

पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलं तर मुंबई ते तेल अवीव हे अंतर सुमारे ४,०५० किलोमीटर भरतं. लंडन याच्या पावणेदोनपट लांब आहे. ताशी साडेआठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला, चढण्या-उतरण्याचा वेळ धरून, हे साडेपाच तासांच्या आसपासचं काम. पण कित्येक वर्षं मुंबईहून तेल अवीवला थेट जाणारं इस्रायली विमान साडेसात-आठ तास घेत असे. विमानात काही उणं नव्हतं आणि पृथ्वीही तीच होती. वरचे दोन-अडीच तास कुठून आले, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. माझं म्हणणं असं की किलोमीटर भूगोल ठरवतो, तास मात्र वाटेवरच्या लोकांनी एकमेकांना दिलेल्या आणि नाकारलेल्या परवानग्या ठरवतात. विमानाच्या वेळापत्रकात जो आकडा निर्विकारपणे छापलेला असतो, त्यात शेजाऱ्यांची भांडणं, तह आणि रुसवे सगळे मोजलेले असतात. ही एकच वाट नीट पाहिली तरी ते दिसतं.

मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण केलेलं विमान समुद्रावर आलं की हवा स्वच्छ असताना डाव्या हाताला अलिबागचा किनारा दिसतो. त्या किनाऱ्यावर नवगाव आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून आले ते इथे फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि बुडालेल्यांना नवगावच्या मातीत पुरलं. हे कधी घडलं यावर विद्वानांचं एकमत नाही. पुढे मात्र जे झालं ते कोकणाच्या रोजच्या जगण्यात दिसत होतं. ही माणसं तेलाचे घाणे चालवू लागली, शनिवारी घाणा बंद ठेवू लागली, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावांवरून आडनावं घेतली: केहिमकर, रोहेकर, पेणकर, झिराडकर. सणांना मराठी नावं दिली: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. ज्यू धर्मशास्त्रात मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. कोकणात नारळ असल्यामुळे ही अडचण अडचण राहिलीच नाही, मटणाच्या रश्श्याला दह्यादुधाऐवजी नारळाचा रस आला. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, सुकामेवा आणि फळं असतात. सत्यनारायणाचा प्रसाद वाटणाऱ्या घराला हे ताट ओळखीचं वाटावं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर संदेष्टा एलियाहूच्या रथाची खूण दाखवतात. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाच्या सणाची पोथी, हग्गादा, हिब्रू आणि मराठीत छापली गेली. दूरच्या देशातला रथ अष्टागराच्या कातळावर उतरतो तेव्हा त्याला कुणाची परवानगी लागलेली नसते. पुढच्या विमानांच्या गोष्टीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता ती जुनी वळशाची वाट. सरळ रेषा मुंबईहून वायव्येकडे निघते, ओमानच्या आखातावरून, होर्मुझच्या आसपासून, मग इराणचं आखात, उत्तर सौदी अरेबिया, जॉर्डन, आणि तेल अवीव. वाटेवरच्या बहुतेक अरब देशांनी इस्रायलला मान्यता दिलेली नव्हती, म्हणून त्यांच्या आकाशातून इस्रायली विमानाला जाता येत नसे. मग ते विमान मुंबईहून नैर्ऋत्येकडे वळे, अरबी समुद्र ओलांडून एडनच्या आखातात शिरे, बाब अल मंदेबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीवरून लाल समुद्रात येई आणि दोन्ही किनाऱ्यांच्या मधून, खुल्या समुद्राच्या आकाशातून, थेट उत्तरेला एलातपर्यंत जाई. नकाशावर मोजलं तर ही वाट साडेपाच हजार किलोमीटरच्या पुढे जाते, म्हणजे सरळ वाटेपेक्षा दीड हजार किलोमीटर जास्त. मुंबईहून दिल्लीला जाऊन वर आणखी थोडं उडावं, एवढा हा वळसा. अरबीत बाब अल मंदेब म्हणजे अश्रूंचं द्वार. जुन्या गलबतांना तिथल्या प्रवाहांनी आणि खडकांनी पुष्कळ रडवलं आहे.

त्या वळशाच्या पंखाखाली एडन येतं, आणि मराठी माणसाला ते गाव परकं नाही. १९३२ पर्यंत एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता. पनवेलजवळच्या शिरढोणला जन्मलेले वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले. म्हणजे ज्या वाटेला आपण आडवळण म्हणतो ती एके काळी मुंबईची अंगणातली वाट होती. इथे एक आक्षेप निघतो, आणि तो रास्त आहे: मग साम्राज्याच्या काळी जग जास्त मोकळं होतं, असं म्हणायचं आहे का? तसं म्हणणं मला मान्य नाही. ती मोकळीक तोफांच्या धाकाने राखलेली होती आणि फडक्यांसारख्यांना त्याच मोकळ्या वाटेने बेड्या घालून नेलं गेलं. वाट उघडी असणं आणि वाटेवरच्या लोकांनी ती आपखुशीने उघडणं, या दोन गोष्टींत फरक आहे. मला दुसरी हवी आहे. पहिलीची आठवण एवढ्यासाठीच काढायची की मधली जमीन मुळात अडथळा नव्हती, ती अडथळा नंतर झाली.

आणि सरळ वाट तर त्याहून जुनी. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या टपालबोटी मुंबईहून कराची, मस्कत, बंदर अब्बास, बुशहर करत बसऱ्याला जात. आजच्या सरळ हवाई रेषेच्या अगदी जवळून. आखातातले मोती मुंबईच्या बाजारात विकले जात, आखाती व्यापाऱ्यांची घरं मुंबईत असत, मस्कतमध्ये कच्छी भाटियांच्या पिढ्यान्‌पिढ्या राहत आणि तिथे शंकराचं देऊळ आजही आहे. आखातातल्या राज्यांत रुपया चाले; १९५९ साली आपल्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या आणि त्यांतल्या बहुतेक राज्यांत त्या १९६६ पर्यंत चालल्या, ओमानमध्ये १९७० पर्यंत. दुबई किंवा अबू धाबीला विमान बदलून पुढे जाणाऱ्याला या जवळिकीच्या खुणा अजून भेटतात. पाहुण्याच्या हातात छोट्याशा पेल्यात वेलदोड्याचा फिकट कहवा येतो, सोबत खजूर. पेला रिकामा झाला की यजमान पुन्हा भरतो, पुन्हा भरतो. पुरे म्हणायचं असेल तर पेला परत देताना मनगटाने हलकेच हलवायचा. आपल्याकडे पानावर आडवा हात धरला तरी वाढणारी 'एक घास माझ्यासाठी' म्हणून आग्रह करते, नको हा शब्द दोन-तीनदा म्हटल्याशिवाय खरा धरला जात नाही. आखाती पाहुणचारात आग्रह आपल्याइतकाच दांडगा, पण थांबण्याची खूण ठरलेली आहे, आणि ती केली की यजमान थांबतो. मला ही शिस्त सुंदर वाटते. परवानगी मागणं आणि देणं ही गोष्ट तिथे इतक्या नजाकतीने होत असे, आणि त्याच भूमीवरचं आकाश मात्र इस्रायली विमानांना सत्तर वर्षं बंद होतं.

आता दुसरा आक्षेप. विमानशास्त्र जाणणारा म्हणेल की वेळ ठरवणारा खरा घटक वारा आहे. हिवाळ्यात उत्तर भारतापासून अरबस्तानापर्यंत उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, म्हणून पश्चिमेला जाणारं विमान रेंगाळतं आणि परतीचं लवकर पोचतं. पृथ्वी गोल असल्यामुळे सपाट नकाशावरची सरळ रेष खरी सरळ नसते, हेही खरं. विमानाचा आकार, वजन, किती उंचीची वाट मिळाली, उतरण्याआधी किती घिरट्या घालाव्या लागल्या, या सगळ्याने वेळ हलतो. पण किती हलतो ते पाहावं. वारा ऋतूप्रमाणे देतो आणि घेतो. जाताना जे हिरावतो त्यातलं बरंचसं येताना परत करतो. बंद आकाश जाताना आणि येताना दोन्ही वेळा घेतं, बारा महिने घेतं, आणि एकाच झेंड्याच्या विमानाकडून घेतं.

हा शेवटचा मुद्दा २०१८ मध्ये जगाला उघड दिसला. त्या वर्षी २२ मार्चला एअर इंडियाचं दिल्लीहून निघालेलं विमान ओमान आणि सौदी अरेबियावरून उडून तेल अवीवला उतरलं. इस्रायलकडे जाणाऱ्या प्रवासी विमानाला सौदी आकाश पहिल्यांदाच उघडलं होतं, आणि लाल समुद्राच्या वळशाशी तुलना करता सुमारे दोन तास वाचले होते. इस्रायलच्याच एल आल कंपनीला ती मुभा नव्हती. आपल्यावर अन्याय होतो आहे म्हणून ती आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. एकच ऋतू, एकच मुक्काम, वारे तेच. एका विमानाला वाट मिळाली आणि दुसऱ्याला वळसा, फरक फक्त शेपटीवरच्या चिन्हाचा. प्रयोगशाळेत एक घटक बदलून बाकी सारे स्थिर ठेवतात, तसा हा प्रयोग आकाशात आपोआप झाला. जाता जाता एक नोंद: दिल्ली आणि मुंबई या दोन्ही शहरांपासून तेल अवीव जवळजवळ सारख्याच अंतरावर आहे. पण दिल्लीची सरळ रेषा पाकिस्तान, इराण आणि इराकवरून जाते, म्हणून त्या विमानालाही आधी दक्षिणेला अहमदाबादकडे उतरून मग समुद्र धरावा लागला. वेळ वाचवूनही ती वाट वळणाचीच राहिली. पुढे १५ जुलै २०२२ रोजी सौदी अरेबियाने आपलं आकाश सगळ्या विमान कंपन्यांना खुलं केलं, आणि २३ फेब्रुवारी २०२३ रोजी ओमानने. या दोन तारखांना मुंबई आणि तेल अवीव एकमेकांच्या दोन तास जवळ आली, आणि त्यासाठी जमिनीचा एक खडाही हलला नाही.

सौदी अरेबियाच्या उत्तरेकडून जाताना खाली जे दिसतं त्याला आपल्याकडे तोड नाही. करड्या-तांबूस वाळूत कंपासने आखल्यासारखी हिरवी वर्तुळं, शेकड्यांनी, एकाला एक लागून. मधोमध बोअर, तिच्याभोवती फिरणारा लोखंडी हात, आणि तो हात जिथवर पोचतो तिथवर शेत. देशावरून उडताना खाली बांधांनी तुटलेल्या वेड्यावाकड्या पट्ट्या दिसतात, प्रत्येक बांधाला भावकीचा इतिहास असतो. इथे बांध नाही, शेजारी नाही, पाण्याच्या आवाक्यापाशी हद्द संपते. आकाशाच्या हद्दी याच्या उलट आहेत. १९४४ च्या शिकागो कराराच्या पहिल्याच कलमात प्रत्येक राष्ट्राची आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि अनन्य सत्ता मान्य केलेली आहे. म्हणजे सात-बारा खाली जमिनीचा, पण मालकी वर ढगांपलीकडे जाते.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. आकाश बंद करणं हा राष्ट्राचा हक्क आहे आणि कित्येकदा ते कर्तव्यही असतं. जुलै २०१४ मध्ये युक्रेनवरून जाणारं मलेशियाचं प्रवासी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं, त्यात २९८ जीव गेले. ते आकाश वेळेवर पूर्ण बंद केलं असतं तर ते वाचले असते. हे मी निर्विवाद मानतो. युद्ध चालू असताना वळसा घालणारा वैमानिक योग्यच करतो. पण सौदी अरेबियाच्या आकाशात त्या सत्तर वर्षांत इतर देशांची विमानं रोज ये-जा करत होती. तिथे टाळलं जात होतं ते संकट नव्हतं, एक ओळख होती. राजकीय निषेधालाही जागा आहे, हे मी नाकारत नाही. पॅलेस्टिनी लोकांवर झालेल्या अन्यायाचा तो निषेध होता असं अरब राष्ट्रं म्हणत, आणि अन्याय खरा होता. माझं म्हणणं एवढंच आहे की तो निषेध असो, भीती असो वा वैर, त्याची किंमत तासांत मोजली जाते आणि ती किंमत तिकीट काढणारा प्रत्येक माणूस भरतो. आपणही यातून सुटलेलो नाही. मुंबईपासून कराची दिल्लीपेक्षा जवळ आहे. कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही उभी आहे. पण मुंबईहून कराचीला जायचं तर दुबईला जाऊन मागे यावं लागतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांनी एकमेकांच्या विमानांना आपलं आकाशही बंद केलं. अरबस्तानाकडे बोट दाखवताना आपल्या अंगणातली ही भिंत विसरता येत नाही.

जॉर्डनची पिवळी पठारं संपतात, मृत समुद्राची फिकट पट्टी येते, समुद्रसपाटीहून चारशे मीटरहून अधिक खोल, मग उघडे डोंगर, आणि त्या डोंगरांपलीकडे अचानक हिरवी किनारपट्टी. घाट उतरून कोकण दिसावं तसंच, फक्त सगळं आखूड. सह्याद्री ते समुद्र जितकं अंतर, तेवढ्यात इथे डोंगर, मैदान आणि तीन-चार इतिहास मावलेले. विमान उतरतं ते लोदच्या बेन गुरियन विमानतळावर. हे लोद म्हणजे अरबांचं लिद्दा. जुलै १९४८ मध्ये इथल्या बहुसंख्य पॅलेस्टिनी रहिवाशांना घालवून देण्यात आलं. माझ्या मुद्द्याचा सर्वांत कठोर पुरावा धावपट्टीच्या पूर्वेला, त्या डोंगरांत आहे. रामल्ला शहर इथून सरळ रेषेत तीस-पस्तीस किलोमीटर. पण रामल्लाच्या सामान्य पॅलेस्टिनी माणसाला खास परवान्याशिवाय हा विमानतळ वापरता येत नाही. त्याला मुंबईला यायचं तर उलट दिशेला खाली जॉर्डन नदीपर्यंत जायचं, पुलावरच्या चौक्या ओलांडायच्या, नदीपार अम्मानला पोचायचं आणि तिथून विमान धरायचं. कल्याणच्या माणसाला सांताक्रूझचं विमान दिसावं आणि ते धरायला त्याला आधी घाट चढून परराज्यात जावं लागावं, असं काहीसं. गाझात १९९८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतःचा विमानतळ सुरू झाला होता. दोन-अडीच वर्षांत उड्डाणं थांबली, इस्रायलने त्याची धावपट्टी उखडली, आणि त्यानंतर तिथून एकही विमान उडालेलं नाही. मुंबई ते गाझा हे अंतरही चार हजार किलोमीटरच आहे. त्याला लागणाऱ्या तासांचा आकडा मात्र कुठल्याच वेळापत्रकात नाही. जो देश सत्तर वर्षं दुसऱ्यांच्या बंद आकाशाबद्दल तक्रार करत राहिला, त्याने शेजाऱ्याला हीच गोष्ट कितीतरी पटींनी करावी, याचं दुःख होतं.

तेल अवीव शहर मुंबईकराला चकित करतं ते ओळखीमुळे. दोन्ही शहरं पश्चिमेच्या समुद्राकडे तोंड करून बसलेली, दोन्हींत संध्याकाळी माणसं किनाऱ्यावर येऊन सूर्य बुडताना पाहतात. तिथला सूर्य भूमध्य समुद्रात बुडतो तेव्हा मरीन ड्राइव्हवर केव्हाच रात्र झालेली असते. घड्याळात उन्हाळ्यात अडीच, हिवाळ्यात साडेतीन तासांचा फरक. तिथली गोल सज्ज्यांची पांढरी घरं १९३० च्या दशकातली, आपल्या ओव्हल मैदानासमोरच्या इमारतीही त्याच सुमाराच्या. त्यांचा 'पांढरा नगरभाग' २००३ मध्ये आणि आपला २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला. वागण्यात मात्र दोन टोकं. हिब्रूत आदरार्थी 'तुम्ही' नाही. मंत्री, शिक्षक, सासरा, रस्त्यावरचा अनोळखी म्हातारा, सगळ्यांना एकच 'तू', आणि मुलं शिक्षकांना नावाने हाक मारतात. बसमध्ये अनोळखी माणूस तुमच्या बाळाला टोपी का घातली नाही म्हणून दटावतो. 'अहो' आणि 'जाहो'च्या पायऱ्यांवर वाढलेल्या कानाला हे आधी टोचतं. मग कळतं की त्या एकेरीत अनादर नाही, सगळ्यांना एका घरचं समजण्याची घाई आहे. शुक्रवारी दुपारी बाजारात फुलं आणि गोडसर खमीराचे पाव घेण्याची झुंबड उडते आणि सूर्य कलला की दुकानं मिटतात, बहुतेक बसगाड्या थांबतात. एल आलची विमानंही शब्बाथला, शनिवारच्या या विश्रांतीला, उडत नाहीत, १९८२ पासून. नवगावच्या घाण्याला शनिवारी जी विश्रांती मिळे तीच इथे विमानांना मिळते. स्वतःहून घेतलेला हा खंड आणि दुसऱ्याने लादलेला वळसा, दोन्हींनी प्रवास लांबतो. पण पहिल्यात माणसाची मान ताठ राहते.

कोपऱ्याकोपऱ्यावर साबीख मिळतं: पोळीसारख्या पिताच्या खिशात तळलेलं वांगं, उकडलेलं अंडं, तिळाचा ताहिना आणि वरून आंबट-पिवळी चटणी. त्या चटणीचं नाव 'आंबा'. बगदादहून मुंबईत आलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी कैरीचं लोणचं आपल्या मुलखात पाठवलं, तिथे हळद-मेथीसकट ते रुळलं, आणि १९५० च्या सुमाराला इराकी ज्यू इस्रायलला आले तेव्हा सोबत ते घेऊन आले. नाव मराठी राहिलं. विमानं साडेपाच हजार किलोमीटरचा फेरा घालत होती, त्या काळाच्या कितीतरी आधी हे लोणचं मुंबई, आखात, बसरा, बगदाद अशा वाटेने, जवळजवळ सरळ रेषेत पोचलेलं होतं. बसऱ्यात, बगदादात, जेद्दात, तेल अवीवमध्ये आजही त्याला त्याच नावाने ओळखतात.

शेवटचा आक्षेप नेहमी असा येतो: दोन तासांचं एवढं काय घेऊन बसलात? बोटीने आठवडे लागत, आता तास लागतात, आणि बोलायला तर हातात फोन आहे. याचं उत्तर मला दिमोनात सापडतं. नेगेव वाळवंटातलं हे गाव १९५५ मध्ये वसलं. १९४८ च्या सुमाराला भारतात वीसेक हजार बेने इस्रायल होते. पन्नास-साठच्या दशकांत त्यांतले बहुतेक इस्रायलला गेले आणि दिमोना, बेरशेबा, अशदोद, रामला, लोद इथे त्यांनी घरं केली. त्यांचं ज्यूपण तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत संशयित ठरवलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांनी येरुशलेममध्ये ठिय्या देऊन ते मान्य करून घेतलं. दिमोनाच्या दुकानांत आज पोहे, कढीपत्ता आणि पापड मिळतात, लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम होतो, क्रिकेट खेळलं जातं, आणि 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमध्ये निघत आलं आहे. आजीची मराठी नातवंडांपर्यंत शब्दाशब्दाने पोचते: आई, पापा, मलिदा, चल, बस. या घरांची एक फांदी अजून ठाण्यात, मुंबईत, अलिबागच्या इस्रायल आळीत आहे. ज्यू रीतीप्रमाणे दफन लांबवत नाहीत, होईल तर त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या. तेव्हा ठाण्यात वारलेल्या भावाला शेवटचं पाहायला दिमोनाच्या बहिणीला साडेपाच तास हवे असतात. आठ झाले, किंवा वाटेत विमान बदलून बारा-चौदा झाले, की माती पडून गेलेली असते. फोनवर रडता येतं, खांदा देता येत नाही. दफनाला नाही जमलं तर निदान शिव्हाला, सुतकाच्या सात दिवसांना, जमिनीलगत बसून शोक करायला पोचावं, एवढी आशा उरते. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला आणि इराणने उलट मारा केला, तेव्हा इस्रायल, जॉर्डन, इराक, इराण यांची आकाशं एका रात्रीत मिटली आणि लोदची नेहमीची उड्डाणं थांबली. ते युद्ध बारा दिवस चाललं. शिव्हाचे सात दिवस त्या बारांत सबंध मावतात.